शिक्षकाशिवाय आयरिश बौरान वाजवायला शिकता येतं का?

येतं. मी आयर्लंडमधल्या गॉलवेत राहतो आणि एकट्यानेच शिकलो. तुम्ही विचारलंय की नुसते व्हिडिओ पाहून ठोके द्यायची छोटी काठी फिरवायला जमेल का. काठीचं जमेल हो, पण बौरान अर्धं डाव्या हातात असतं आणि व्हिडिओत तोच हात वाद्याच्या मागे लपलेला असतो.

आपल्या डिमडीसारखंच, पण बरंच मोठं वाद्य आहे हे: लाकडी कड्याला एका बाजूने शेळीचं कातडं, दुसरी बाजू उघडी. पहिले तीन महिने माझा डावा हात फक्त ते धरायला होता. आवाज घुमत राहायचा, एक ठोका दुसऱ्यात मिसळायचा. एकदा पबमधल्या बैठकीत शेजारच्या फिडलवाल्या (म्हणजे व्हायोलिनवाल्या) आजोबांनी काही न बोलता मागून हात घातला आणि कातड्याला तळवा टेकवला. तोच ठोका एकदम सुटा, गोल लागला. तळवा वर सरकवत नेला की स्वर चढतो. डग्ग्यावर मनगट दाबून घुमारा बदलतात, त्याच्या जवळचंच हे. यासाठी ‘दे दानन’ या आयरिश बँडमधल्या जॉनी ‘रिंगो’ मॅकडोनाचं वादन डोळे मिटून ऐका.

उजव्या हाताचं सांगायचं तर काठी पेनसारखी धरा आणि कुलपात किल्ली फिरवल्यासारखं मनगट फिरवा. ठोका खाली जाताना लागतो, तसाच वर येतानाही लागला पाहिजे. वरचा ठोका सगळ्यांचाच कच्चा राहतो आणि जिग या नाचाच्या धुनेत तो लगेच उघडा पडतो. जिगच्या मात्रा दादऱ्यासारख्या, तीन-तीन. खाली-वर-खाली, मग वर-खाली-वर. म्हणजे चौथ्या मात्रेचं वजन वर येणाऱ्या ठोक्यावर पडतं. (दादऱ्यातली ‘खाली’, म्हणजे रिकामी मात्रा, इथे विसरा.) रील या दुसऱ्या, चार-चार मात्रांच्या धुनेत वजन नेहमी खाली जाणाऱ्या ठोक्यावरच येतं, म्हणून ती सोपी वाटते, पण तिची लय पळती असते. मी महिनाभर फक्त संथ जिग घोटली.

वाद्य घेताना पर्यटकांच्या दुकानातलं शोभेचं घेऊ नका. चौदा ते सोळा इंची, कातडं ताणायला-सैल करायला खिट्ट्या असलेलं घ्या. इथल्या दमट हवेत कातडं ढिलं पडतं, हीटरजवळ ठेवलं की टणक होतं. टणक झालं तर आतून ओलं बोट फिरवायचं.

आणि धुना पाठ करा, अगदी गुणगुणता येईपर्यंत. बहुतेक धुनांचे दोन भाग असतात, प्रत्येक दोनदा वाजतो; भाग कुठे बदलतो हे आधी कळलं तरच तिथे ठोका बदलता येतो. बैठकीत आधीच कुणी बौरान वाजवत असेल तर आपलं पिशवीतच राहू द्या, कारण दोन बौरानं एकत्र वाजली की फिडलचे बारकावे बुडतात. मी अशा संध्याकाळी मांडीवर बोटं चालवत बसतो आणि सर्वात जास्त धुना मला तिथेच पाठ झाल्या आहेत.