यिर्मया वाचायला घेताय? आधी सहा क्रियापदं पाठ करा

यिर्मया हे बायबलच्या जुन्या करारातलं, त्याच नावाच्या संदेष्ट्याचं पुस्तक. त्याच्या पहिल्या अध्यायाच्या दहाव्या ओवीत सहा क्रियापदं आहेत: उपटणे, मोडणे, नाश करणे, पाडणे, बांधणे, लावणे. चार मोडतोडीची, दोन उभारणीची. पेन्सिल घ्या आणि पुढे ती जिथे भेटतील तिथे खूण करा. 18व्या अध्यायात कुंभाराच्या चाकाजवळ भेटतील, 31:28 मध्येही.

अध्याय कालक्रमाने नाहीत, नवखे इथेच अडखळतात. 32वा यहूदाचा राजा सिद्कीया याच्या दहाव्या वर्षाचा, तर 36वा त्याच्या आधीचा राजा यहोयाकीम याच्या चौथ्या, म्हणजे बराच आधीचा. समासात राजाचं नाव आणि वर्ष लिहीत चला.

दुसरी चूक 29:11 ची. ‘भविष्य आणि आशा’ एवढंच उचललं जातं. लगेच वरची ओवी वाचा, तिथे बाबेलची (बॅबिलोनची) 70 वर्षं आहेत. 29वा अध्याय म्हणजे यिर्मयाचं पत्र, इ.स.पू. 597 नंतर बाबेलात बंदिवासात असलेल्यांना: घरं बांधा, बागा लावा. तीच दोन क्रियापदं, पण शत्रूच्या देशात! आदल्याच अध्यायात हनन्या हा खोटा संदेष्टा दोन वर्षांत सुटकेची ग्वाही देतो. दोन्ही शेजारी ठेवूनच वाचा.

मग 32वा, अगदी सावकाश. यरुशलेमला वेढा पडलाय, यिर्मया कैदेत आहे, आणि तो आपल्या गावचं, अनाथोथचं, शेत विकत घेतो. 17 शेकेल (वजनाचं जुनं माप) रुपं, म्हणजे चांदी, तराजूत तोललं जातं, साक्षीदार सह्या करतात, मोहरबंद आणि उघडं अशी दोन्ही खरेदीखतं त्याचा लेखनिक बारूख मातीच्या मडक्यात ठेवतो, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. लोक पुन्हा या देशात वसतील हे देवाचं वचन इथे व्यवहारात उतरलंय. देवाचा न्याय, म्हणजे शिक्षा, टळलेली नाही. शहर पडणारच आहे, तरी खत जपून ठेवलंय.