जुन्या स्टिकरचा चिकटा काढताना गाडीचा रंग कसा सांभाळावा?

प्रश्न: आम्ही अलीकडेच एक वापरलेली मोटार विकत घेतली. आधीच्या मालकाने डिकीवर आणि मागच्या बंपरवर लावलेली स्टिकरे व दारांवरची प्लास्टिकची बीडिंग मुलाने ओढून काढली; परंतु गोंद आणि डबल टेपच्या फोमचे तुकडे तसेच राहिले असून त्यांवर धूळ बसून काळपट पट्टे दिसतात. ओळखीच्या गॅरेजवाल्याने थिनरने पुसायला सांगितले, तर घरात ब्लेडने खरवडण्याची घाई चालली आहे. काय करावे?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: थिनर आणि ब्लेड, दोन्ही कृपया दूर ठेवावेत. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉन इतकाच जाड असतो. ब्लेडचे टोक जरा तिरके झाले तरी त्यात उमटणारा ओरखडा पॉलिशने जाईलच असे नाही.

थिनरचा धोका समजून घेण्यासाठी त्या पत्र्यावरचा रंग कारखान्यातील आहे की नंतर मारलेला, हे आधी पाहावे लागेल आणि वापरलेल्या गाडीच्या बाबतीत ही शंका घेतलेलीच बरी. कारखान्यातील रंग भट्टीत तापवून पक्का केलेला असतो, त्यामुळे सौम्य द्रावकाला तो सहसा दाद देत नाही. स्वस्तातल्या टचिंगचा एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, रंग मात्र केवळ त्यातील थिनर उडून गेल्यामुळे वाळलेला असतो आणि म्हणूनच थिनर पुन्हा लागताच तो मऊ होऊन फडक्यावर उतरतो. दाराच्या रबरावर किंवा दिव्याच्या काठावर रंगाचे बारीक शिंतोडे दिसले, अथवा शेजारच्या दोन पत्र्यांची झाक निराळी वाटली, तर तेथे रंगकाम झाले असावे असे धरून चालावे. जे द्रव्य वापरणार असाल ते त्याच पत्र्याच्या खालच्या, नजरेत न येणाऱ्या कोपऱ्यात कापसाने लावून दोन-तीन मिनिटांनी पुसावे. कापसावर रंग आला किंवा ती जागा निस्तेज झाली, तर ते द्रव्य तेथे वापरूच नये.

काम सकाळी लवकर, सावलीत करावे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि उन्हातला पत्रा हात ठेववणार नाही इतका तापतो. अशा पत्र्यावर द्रावक क्षणात उडून जातो आणि अर्धवट विरघळलेला गोंद अधिकच पसरतो. आधी शाम्पूच्या पाण्याने गाडी नीट धुवावी, कारण गोंदात रुतलेली बारीक वाळू फडक्याखाली आली की ती पॉलिशपेपरसारखीच घासते.

त्यानंतर हेअर ड्रायर वीतभर अंतरावर सतत फिरता ठेवून पट्टा कोमट करावा. गोंद मऊ झाला की तो अंगठ्याने गोळा करत लोळवावा; बराचसा भाग एवढ्यानेच निघतो. फोमच्या टेपखाली मजबूत नायलॉनचा दोरा घालून तो करवतीसारखा मागेपुढे ओढावा, म्हणजे फोम कापला जातो आणि पत्र्याला धार लागत नाही. उरलेला थर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने हलकेच लोटावा.

आता ड्रायर बंद करून बाजूला ठेवावा, कारण यापुढची द्रव्ये पेट घेणारी आहेत. कोपऱ्यात तपासलेले निलगिरीचे तेल किंवा मोटारीच्या दुकानात मिळणारे डांबर काढण्याचे द्रव्य कापसावर घेऊन तो कापूस गोंदावर चार-पाच मिनिटे ठेवावा आणि मग एकाच दिशेने पुसावे. जोर लावण्यापेक्षा हीच कृती पुन्हा करणे केव्हाही चांगले. दरवेळी फडक्याची स्वच्छ बाजू घ्यावी. आपल्याकडे घरोघरी सोलापुरी टॉवेल असतात. जुना, मऊ झालेला टॉवेल या कामाला चालतो, मात्र त्याची शिवलेली जाड किनार कापून टाकावी. पेट्रोल आणि नेलपॉलिश काढण्याचे ॲसिटोन टाळावे.

बंपर प्लास्टिकचा असल्याने तो फार तापवू नये. तेथे खोबरेल तेल अर्धा तास लावून ठेवणे सर्वांत सुरक्षित. ड्रिलला लावायचे रबरी चाक काम लवकर उरकते, पण एका जागी थांबले की रंग जाळते, म्हणून ते सरावाच्या हातीच असावे.

गोंद निघाल्यावर तेलकटपणा शाम्पूने धुऊन जागा लगेच कोरडी करावी, कारण बोअरचे जड पाणी वाळले की पांढरे डाग मागे राहतात. शेवटी मेण लावावे.

एवढे करूनही स्टिकरच्या आकाराची गडद छाया दिसली, तर तो गोंद नव्हे. झाकलेला रंग ताजा राहिला आणि भोवतालचा उन्हाने उतरला, म्हणून ती दिसते. बारीक पॉलिशने भोवतालचा भाग उजळला की हा फरक बराच कमी होतो; मात्र पॉलिशने क्लिअर कोट थोडा झिजतोच, तेव्हा ते करण्यापूर्वी रंगकाम करणाऱ्याकडून थराची जाडी मीटरने मोजून घ्यावी.