ख्रिस्ती माणसाने देवाची वाट पाहताना धीर कसा धरावा?

जय ख्रिस्त. तुम्ही लिहिलंय की मुलाच्या नोकरीसाठी तीन वर्षं प्रार्थना करताय, उत्तर नाही, आणि मंडळीतले एक जण म्हणतात तुमचा विश्वास कमी पडतोय. बाकीचं तुमचे पाळकसाहेब माझ्यापेक्षा बरं सांगतील. मी लिहायला बसलो तो त्या शेवटच्या वाक्यामुळे. ते मला माझ्या मेव्हण्याने भर पंगतीत ऐकवलंय.

2015 साल. जालना जिल्ह्यात आमची पाच एकर कोरडवाहू, आधीचं वर्षही असंच गेलेलं. जूनमध्ये दोन-चार सरी पडल्या. मेव्हणा तेव्हा नुकताच एका उपवास-प्रार्थनेला जायला लागला होता. रात्री घरी आला, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाला, "दाजी, प्रभूनं दाखवलंय, याच आठवड्यात पेरा." मला तेच ऐकायचं होतं. सकाळी आमच्या घरातले थोरले, आबा, मला शेतात घेऊन गेले. वीतभर उकरलं, मूठभर माती घेऊन दाबली. लाडू वळेना, बोटांतून भुरूभुरू सांडली. "वल न्हाई. थांब आठ दिस." कृषी खातंसुद्धा 75 ते 100 मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका म्हणतं. पण आबा चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणारे, जन्मात कधी उठून साक्ष न दिलेले. मी त्यांना म्हणालो, तुमचा विश्वासच नाही.

हो, ते वाक्य आमच्या घरात आधी मीच वापरलं.

तीन एकर सोयाबीन, तीन बॅगा, सगळं उधारीवर. उगवलं छान. मग जुलै कोरडा. रोपं दुपारी माना टाकायची, सकाळी परत उभी. एक दिवस सकाळीही उभी राहिली नाहीत. दुबार पेरणीला बायकोची पोत गहाण पडली, तूर टाकली. त्यानंतर एका बारशाच्या पंगतीत मेव्हणा म्हणतो, "तुमच्या घरात संशय हाय दाजी, म्हणून आशीर्वाद अडला." आबा शेजारीच जेवत होते. वाढणाऱ्या पोराला म्हणाले, "वरण वाढ." बस.

बायबलात याकोबाच्या पत्रात, 5व्या अध्यायात, धीराचा दाखला दिलाय तो शेतकऱ्याचाच. तो पहिल्या आणि शेवटल्या पावसाची वाट पाहतो. तिकडे इस्राएल देशात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, त्याने जमीन मऊ होते आणि पेरणी होते. शेवटला मार्च-एप्रिलचा, दाणा भरायला. म्हणजे तो गडी नांगरट, बी-बियाणं सगळं उरकून थांबलाय, आणि ओल बघून पेरतोय. आमच्याकडे प्रवचनात "वाट पाहतो" एवढंच उचलतात, नांगरट कुणी सांगत नाही. अब्राहामाला 75व्या वर्षी संततीचं वचन मिळालं, इसहाक झाला 100व्या वर्षी. मध्येच धीर सुटला आणि 86व्या वर्षी दासी हागारेपासून इश्माएल. तरी त्याला कुणी अविश्वासी म्हणत नाही. घाई झाली, एवढंच. माझं सोयाबीन त्यातलंच.

आणि देवापुढे कुरकुर करायला घाबरू नका. 13वं स्तोत्र काढा, पहिल्या दोन वचनांतच चार वेळा "कोठवर" विचारलंय.

त्या वर्षी कापणीच्या सणाला आबांनी चर्चमध्ये अर्पण म्हणून तुरीच्या शेंगांची एक पेंढी नेली. मग त्या अर्पणांचा लिलाव झाला, त्यात मेव्हण्याने सगळ्यांदेखत एकदम पाचशेची बोली लावली. मागच्या बाकावरून आवाज आला, "पाचशे एक." आबांच्या खिशात दीडशे होते, बाकीचे दोन रविवार करून भरले. स्वतःचीच तूर विकत घेऊन घरी आणली आणि शेंगा उकडून आम्हाला खायला घातल्या.

तुमच्या मुलाचं म्हणाल तर प्रार्थना चालूच ठेवा. पण तो जागा निघायची वाट बघत एकाच परीक्षेला धरून बसला असेल, तर दुसरीकडेही अर्ज करायला लावा. ती त्याची नांगरट. आणि त्या गृहस्थांना उत्तर देऊ नका. आबांना जमलं, मला अजून जमत नाही.

खरं सांगायचं तर आबांचं ऐकलं असतं तरी त्या साली फार काही पिकलं नसतं, बियाण्याचे पैसे तेवढे वाचले असते. मेव्हणाही माणूस वाईट नाही. 2016च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा आमच्या गल्लीला त्याच्याच टेम्पोतून ड्रम यायचे, भाडं न घेता. आणि हो, कुणाचं दुखणं असेल तर हे "थांबा" त्याला लावू नका, गोळ्या बंद करून वाट पाहायची नसते.

मेव्हणा हे वाचेल आणि म्हणेल, दाजी, एवढी वर्षं झाली, अजून तेच धरून बसलात? बसलोय. पोत सोडवायला मला 2017 उजाडलं होतं.