शब्द, अशांतता आणि कायद्याची रेषा

प्रश्न : मी राज्यशास्त्राची प्राध्यापिका आहे आणि राजकीय भाषणस्वातंत्र्यावरील कायदेशीर मर्यादांवर संशोधन करीत आहे. राजद्रोहाच्या एकाच कलमाखाली लोकमान्य टिळक १९०८ मध्ये दोषी ठरले आणि १९१६ मध्ये सुटले, असे आपण वाचतो. मग सरकारवरील टीका कोठे संपते आणि गुन्हा कोठे सुरू होतो, हे निश्चित सांगता येते काय? नव्या भारतीय न्याय संहितेने हा प्रश्न मिटला, असे मानावे काय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : प्रथम एक बारकावा नोंदवतो, कारण आपल्या प्रबंधात तो महत्त्वाचा ठरेल. १९१६ ची कारवाई हा शिक्षेसाठी चालवलेला खटला नव्हता. बेळगाव आणि अहमदनगर येथील स्वराज्यावरील तीन भाषणांबद्दल टिळकांकडून वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीची हमी मागण्यात आली होती, आणि त्यासाठी वीस हजारांचा मुचलका व प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीन देण्याचा हुकूम पुण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्याने केला होता. तथापि कसोटी भारतीय दंड संहितेतील राजद्रोहाच्या १२४अ कलमाचीच होती. नोव्हेंबर १९१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी तो हुकूम रद्द केला. सुटी वाक्ये न उचलता भाषणांचा एकंदर परिणाम पाहिला, तर श्रोत्यांच्या मनात सरकारविषयी वैर निर्माण होण्याऐवजी राजकीय सत्ता सोपवण्यास होणाऱ्या विलंबाबद्दल नापसंती निर्माण होईल, असे न्यायालयाला वाटले. १९०८ मध्ये मात्र न्या. दावर यांच्यापुढे ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी ‘केसरी’तील लेखांना राजद्रोही ठरवले आणि टिळकांची रवानगी मंडालेला झाली. दोन्ही वेळी कलमाचे शब्द तेच होते; ते मजकुराला कसे लावायचे, यात अंतर पडले.

या कलमानुसार सरकारविषयी ‘अप्रीती’ निर्माण करणे हा गुन्हा होता, आणि गोंधळाचे मूळ याच कल्पनेत आहे. १८९७ च्या टिळकांवरील पहिल्या खटल्यात न्या. स्ट्रेची यांनी तिचा अर्थ सरकारविषयी प्रीतीचा अभाव इतका व्यापक केला होता. १९४२ मध्ये फेडरल कोर्टाने (ब्रिटिश काळातील भारतातील वरिष्ठ न्यायालयाने) सार्वजनिक अशांततेशी संबंध असल्याविना राजद्रोह नाही, असे म्हटले, परंतु १९४७ मध्ये सदाशिव नारायण भालेराव यांच्या मुंबईतून गेलेल्या प्रकरणात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या अंतिम अपील न्यायालयाने, ते मत अमान्य केले. त्यानंतर संविधान सभेने कन्हैयालाल मुन्शी यांच्या दुरुस्तीनुसार भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांच्या मसुद्यातून ‘राजद्रोह’ हा शब्दच काढून टाकला. दंड संहितेतील कलम मात्र राहिले. या विसंगतीला सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात उत्तर दिले : कलम वैध आहे, परंतु हिंसा किंवा सार्वजनिक अशांतता माजवण्याचा हेतू वा प्रवृत्ती असलेल्या शब्दांपुरतेच ते लागू होईल. हा निकाल स्वातंत्र्याच्या बाजूचा म्हणून सतत उद्धृत होतो, पण खुद्द केदारनाथ सिंह यांचे अपील फेटाळले गेले होते, हे आपण विसरू नये.

माझ्या मते खरी अडचण ‘प्रवृत्ती’ या शब्दात आहे, कारण प्रत्यक्ष काहीही घडलेले नसताना ती कोणी आणि कशावरून ठरवायची, हा प्रश्न उरतोच. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी, इंदिरा गांधी यांच्या हत्येनंतर काही तासांतच, चंदीगडमध्ये खलिस्तानच्या समर्थनार्थ दोनचार वेळा घोषणा देणाऱ्या बलवंत सिंग व त्यांच्या सहकाऱ्यास सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये निर्दोष सोडले, कारण त्या घोषणांना कोणीही प्रतिसाद दिला नव्हता. निकाल योग्यच होता. पण मधली दहाहून अधिक वर्षे कोणी मोजायची? नागरिकाला मर्यादा अनुभवास येते ती गुन्हा नोंदवला जातो त्या दिवशी, म्हणून केवळ अंतिम निकालांवर आधारलेला अभ्यास अपुरा राहील, असे मी आग्रहाने म्हणेन.

नव्या संहितेबाबत : सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२२ रोजी १२४अ चा वापर स्थगित ठेवण्यास सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर ‘राजद्रोह’ हे नाव गेले. तिच्या कलम १५२ मध्ये सरकारविषयीच्या अप्रीतीचा उल्लेख नाही, ही खरी सुधारणा आहे. सशस्त्र बंड, फुटीरता, विध्वंसक कृत्ये आणि देशाची एकता व अखंडता यांना धोका, हे त्याचे विषय आहेत. ‘विध्वंसक कृत्ये’ म्हणजे काय, याची व्याख्या मात्र त्यात नाही, आणि जन्मठेप नसेल तेव्हाच्या कैदेची कमाल मुदत तीनवरून सात वर्षांवर गेली आहे. प्रश्न मिटलेला नाही. तो दुसऱ्या शब्दांवर सरकला आहे.

एक सूचना. मराठी लेख-भाषणांवरील खटले अभ्यासताना मूळ मजकूर आणि न्यायालयापुढील इंग्रजी भाषांतर शेजारी ठेवून वाचावे. १९०८ मध्ये टिळकांनी ज्यूरीपुढे स्वतः केलेल्या प्रदीर्घ बचावात सरकारी भाषांतरातील शब्दांवर तपशिलाने हरकती घेतल्या होत्या, आणि त्या हरकतींपासून आपला अभ्यास सुरू करता येईल.