परतीची तारीख कोणी ठरवायची?

पत्र: "मी कवठेमहांकाळ तालुक्यातला, वय ४१. २०१२ पासून अबू धाबीजवळच्या मुसफ्फा या औद्योगिक भागात एकाच कंपनीत पाइप वेल्डर म्हणून काम करतो. मूळ पगार १,८०० दिऱ्हम, भत्ते आणि ओव्हरटाइम वेगळा. दोन वर्षांतून साठ दिवसांची सुट्टी मिळते. आता परत यावेसे वाटते. पण आमच्या द्राक्षबागेला लागून असलेली दोन एकर जमीन विक्रीला निघाली आहे आणि वडील व धाकटा भाऊ म्हणतात, 'आणखी तीन वर्षे काढ, जमीन होऊन जाईल.' पत्नी काहीच बोलत नाही. गेल्या सुट्टीत दहाव्या दिवशी अकरा वर्षांच्या मुलीने विचारले, 'पप्पा, तुम्ही परत कधी जाणार?' तेव्हापासून झोप लागत नाही. मी काय करावे?"

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले. मूळ पत्र दोन पानांचे आहे, इथे ते थोडक्यात दिले आहे. त्या दोन पानांतले जवळजवळ एक पान जमिनीवर आहे आणि पत्नीवर एकच ओळ आहे. यात तुमचा दोष आहे असे मी म्हणत नाही; तेरा वर्षे घराशी जे बोलणे झाले ते बहुतेक पैसे पोहोचले का, बोअरला पाणी किती, छाटणी कधी, एवढ्यावरच झाले असेल तर पत्रही त्याच वळणाने जाणार.

आधी जमिनीचे बोलू, कारण घरातल्या सगळ्यांनी तुमचा निर्णय तिच्यावरच टांगून ठेवला आहे आणि तिच्याविषयीची एक महत्त्वाची गोष्ट तुम्हांला कोणी सांगितलेली दिसत नाही. नोकरीसाठी परदेशी गेलेला माणूस परकीय चलनविषयक कायद्याच्या, म्हणजे फेमाच्या, दृष्टीने अनिवासी ठरतो आणि अनिवासी भारतीयाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमीन वारसाने मिळू शकते, जाण्यापूर्वीची स्वतःची जमीन ठेवता येते, गावात घर किंवा सांगलीत फ्लॅट घेता येतो. शेत मात्र नाही. म्हणजे ज्या दोन एकरांसाठी तुम्ही आणखी तीन उन्हाळे तिथे काढायचे, ते तुमच्या नावावर होणारच नाहीत. ते वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर होतील. वडिलांनी घेतलेली जमीन, मृत्युपत्र नसेल तर, त्यांच्या पश्चात तुमच्या आईकडे आणि सर्व मुलामुलींकडे समान वाट्याने जाईल. भावाच्या नावावर झाली तर ती भावाचीच. तुमचे घर भांडखोर आहे असे मला सुचवायचे नाही. पण म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी आल्यापासून सांगली जिल्ह्याच्या आपल्या पूर्व भागात जमिनीला जी किंमत आली आहे, ती पाहता चांगल्या घरांतलेही हिशेब फिरल्याची पत्रे माझ्याकडे येत असतात.

कायमचे राहण्यासाठी परत आलात की तुम्ही पुन्हा निवासी होता आणि ही अडचण उरत नाही. थोडक्यात, ज्या जमिनीसाठी परत येऊ नकोस असे तुम्हांला सांगितले जात आहे, ती स्वतःच्या नावावर घ्यायची तर आधी परतच यावे लागेल. पत्नी इथे राहते, त्यामुळे फेमाचे हे बंधन तिला नाही. मात्र महाराष्ट्रात शेतजमीन घेणाऱ्याने स्वतः शेतकरी असावे लागते, तेव्हा तिच्या किंवा परतल्यावर तुमच्या नावाने खरेदी करण्यापूर्वी सातबारा आणि फेरफार घेऊन एखाद्या दिवाणी वकिलाला एकदा भेटावे. ओघात आणखी एक. तुमचे पैसे गावच्या शाखेतल्या जुन्या बचत खात्यात जात असतील तर तेही नियमाला धरून नाही. ते खाते एनआरओ, म्हणजे अनिवासीचे साधे खाते, करून घ्यावे लागते आणि तिकडून पाठवायचे पैसे एनआरई, म्हणजे परदेशातल्या कमाईसाठीच्या अनिवासी खात्यात ठेवले तर अनिवासी असेपर्यंत त्यांच्या व्याजावर इथे प्राप्तिकर लागत नाही.

'आता तर चांगला पगार झाला आहे, आताच कशाला सोडतोस' असे भाऊ म्हणतो, असे तुम्ही लिहिले आहे. त्यालाही एक हिशेब दाखवा. तुम्ही गेलात तेव्हा एका दिऱ्हमला चौदा रुपयांच्या आसपास मिळत होते, आता तेवीसच्या वर मिळतात. दिऱ्हम डॉलरला बांधलेला आहे आणि रुपया घसरत गेला आहे. म्हणून तुमचा पगार दिऱ्हममध्ये जागेवरच राहिला असता तरी गावात तो दीडपटीहून जास्त वाढलेला दिसला असता. तेवढ्यात इथली मजुरी, औषधे आणि खतेही वाढली. घराला जी वाढ दिसते तिच्यातली तुमच्या हातच्या कसबाची वाढ किती आणि रुपयाच्या पडझडीची किती, हे कागदावर मांडा.

नोकरी सोडताना तुम्ही रिकाम्या हाताने येणार नाही, हेही घरात कोणाला ठाऊक नसावे. संयुक्त अरब अमिरातीच्या कामगार कायद्याप्रमाणे पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचा मूळ पगार सेवा संपताना मिळतो. तुमच्या तेरा वर्षांचे ३४५ दिवस होतात; १,८०० च्या मूळ पगारावर ते २०,७०० दिऱ्हम, म्हणजे पावणेपाच लाखांच्या आसपास. ही रक्कम करार संपल्यापासून चौदा दिवसांत द्यायची असते. मात्र ती शेवटच्या मूळ पगारावर मोजतात, भत्ते आणि ओव्हरटाइम धरत नाहीत. म्हणून तिथल्या कामगार मंत्रालयात नोंदलेल्या करारावर मूळ पगाराचा आकडा काय आहे ते आधी पाहून घ्या आणि नोटीस किती दिवसांची द्यायची हेही त्यातच पाहा. रागाच्या भरात राजीनामा देऊ नका. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, तेव्हा इथला विमा सुरू झाल्यावरच निघा.

इथे तिकडच्याएवढा पगार मिळणार नाही. पण चांगला पाइप वेल्डर सांगली जिल्ह्यात बसून राहत नाही. गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यांत बॉयलर आणि पाइपलाइनच्या दुरुस्त्या निघतात, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनियाच्या लाइन असतात, कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनची कामे चालतात. पुढच्या सुट्टीतले चार दिवस बागेत न घालवता या ठिकाणी जाऊन या आणि काय दर मिळतो ते विचारा.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येते. तो तुम्ही 'तुम्ही इथे नकोत' असा ऐकलात. माझे वडील लष्करात होते, आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहत असू. ते रजेवर आले की काळी ट्रंक ओसरीवर टेकण्याच्या आत मी विचारत असे, "अण्णा, किती दिवस?" आई मला डोळे वटारायची. त्या प्रश्नामागचे कारण फार साधे होते: दिवाळीला ते असणार की नाही, शाळेच्या स्नेहसंमेलनाला येणार की नाही, हे मला ठरवायचे असे, कारण आधीच्या वर्षी मी मैत्रिणींना "माझे अण्णा येणार" म्हणून सांगून ठेवले होते आणि ते चार दिवस आधी निघून गेले होते. तुमच्या मुलीच्या मनात नेमके हेच आहे असे मी ठामपणे म्हणू शकत नाही. पण अकरा वर्षांत पाच सुट्ट्या, म्हणजे तीनशे दिवस, इतकाच बाप वाट्याला आलेले मूल दिवस मोजतच राहते. तिला तुम्ही तेव्हा काय उत्तर दिलेत, हे पत्रात कुठेच नाही.

आणि पत्नी. 'काहीच बोलत नाही' याचा अर्थ तिला काही म्हणायचे नाही असा मी घेणार नाही. तुमचा फोन येतो तेव्हा तो बहुधा सोप्यात सगळ्यांच्या मधोमध स्पीकरवर असतो. सासू-सासरे आणि दीर बसलेले असताना 'आता परत या' असे म्हणणारी सून आपल्या भागात किती मिळेल? म्हणून वडिलांशी आणि भावाशी हे हिशेब मांडण्याआधी तिच्याशी एकटीशी बोला. तिला आधी विचारा आणि मग जमिनीचे सांगा. क्रम उलटा झाला तर ती पुन्हा जमिनीवरच बोलेल. तिने 'आणखी एक वर्ष राहा' म्हटले तर तेही खरे धरा, तिचीही काही गणिते असतील. पण मग ते एक वर्ष कोणत्या तारखेला संपते, हे तुम्ही दोघांनी ठरवायचे, भावाने नव्हे.

तुमच्याकडे व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाही, बोटिम या कॉलिंग ॲपवरून बोलत असाल. कॅम्पवर संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा इथे नऊ वाजलेले असतात. पत्नीला तो फोन माडीवर नेऊन घ्यायला सांगा, आणि तारीख ठरली की दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मुलीला बोलावून तिच्या प्रश्नाचे उत्तर द्या.