कार्बन-नायट्रोजन बंध खोलीच्या तापमानाला खरंच जुळतो का?

पुस्तकात हा बंध जुळवणारी उल्मानची अभिक्रिया म्हणजे तांबं आणि दोनशे अंश, मग अलीकडच्या पेपरांत तोच बंध न तापवता कसा जुळतो, असं तुम्ही विचारलंय. जुळतो. मी जुळवलाय, त्याआधी एकदा सपशेल फसलोही आहे.

अडचण बेंझिनच्या वलयाची. वलयावरच्या ब्रोमिनला अमाइन, म्हणजे नायट्रोजनवालं संयुग, सहजी हुसकावू शकत नाही. मागून यायचं तर वलयच आडवं. उल्मानने १९०३ मध्ये तांबं वापरून हे जमवलं, पण इतक्या उष्णतेत रेणूचे नाजूक भाग टिकत नाहीत. १९९० च्या दशकात बुकवाल्ड आणि हार्टविग यांनी पॅलॅडियम या धातूने वाट काढली. पॅलॅडियम कार्बन-ब्रोमिन बंधात शिरतं, अमाइनला स्वतःवर बसवून घेतं, बेस (आम्लारी) अमाइनचा प्रोटॉन काढतो, मग कार्बन-नायट्रोजनची गाठ बांधून पॅलॅडियम मोकळं. माझ्या मते निम्मं श्रेय लिगंडचं, म्हणजे धातूला चिकटून असलेल्या रेणूचं: जाडजूड फॉस्फिन (फॉस्फरसवालं लिगंड) एवढी दाटी करतं की जोडलेलं संयुग बाहेर पडतंच.

पण न तापवता करायचं तर माझी पसंती १९९८ च्या चॅन-लॅम अभिक्रियेला, तीही तांब्याचीच. वलयावर ब्रोमिनऐवजी बोरॉनचा गट असलेलं बोरॉनिक अ‍ॅसिड, सोबत अमाइन, कॉपर अ‍ॅसिटेट, ट्रायएथिलअमाइन. डायक्लोरोमिथेनमध्ये ढवळत ठेवायचं. मी कॉपर दहा टक्केच घातलं आणि पॅलॅडियमच्या सवयीने फ्लास्कमधली हवा काढून इमानेइतबारे नायट्रोजनचा फुगा लावला. दुसऱ्या दिवशी टीएलसीवर (मिश्रणातली संयुगं वेगळे ठिपके करून दाखवणारी पट्टी) अमाइनचा ठिपका जवळपास तसाच! चूक फुग्याची होती. इथे प्रत्येक फेरीच्या शेवटी तांबं कॉपर-एक (+१ अवस्थेतलं) होऊन बसतं, त्याला पुन्हा कॉपर-दोन (+२) करायला ऑक्सिजन लागतो. म्हणजे जी हवा मी काढून टाकली, तीच अभिक्रियेचा घटक होती. पुढच्या वेळी तोंड उघडं ठेवलं आणि काम झालं.

अर्थात प्रत्येक अमाइन इतकं समजूतदार नसतं. वलयावर नायट्रो गट असलेली अ‍ॅनिलिनं (बेंझिनच्या वलयावरची अमाइनं) कुरकुरतात, तिथे थोडं तापवावंच लागतं. पाण्यालाही जपा: त्याच्यामुळे बोरॉनिक अ‍ॅसिडचं फिनॉल होतं, ते दुसऱ्या बोरॉनिक अ‍ॅसिडशी जुळून ईथर बनतं आणि अमाइन उपाशी राहतं. पाणी शोषणारे मॉलिक्युलर सिव्ह्ज घाला, फ्लास्कच्या तोंडाला कॅल्शियम क्लोराइडची नळी लावा. हवा आत येते, ओल येत नाही.