आधी तिथी बघा, मग समुद्र

प्रश्न : मे महिन्यात सासूबाई आणि दोन लहान मुलांना घेऊन गणपतीपुळ्याला जातोय. पाण्यात कधी उतरावं? उन्हाचं काय करायचं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, आधी घरचं कॅलेंडर काढा. आम्हा कोकणातल्यांचा जुना हिशेब सांगते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ कळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पुढच्या सहा तासांत ओहोटी. पाणी ओसरताना आत ओढतं, तेव्हा मुलांनी वाळूतच किल्ले करावेत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर लांबूनच नमस्कार! पुळ्याचा समुद्र दिसतो तितका गरीब नाही. एरवीही गुडघ्याच्या वर जाऊ नका. पोहणारा कुणी ओढीत सापडलाच, तर किनाऱ्याकडे झुंजू नये, आधी किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडावं. जीवरक्षक शिट्टी मारतो तेव्हा त्याच्याशी वाद घालणारे पर्यटक बघितले की माझा पारा चढतो.

अकरा ते चार खोलीत आंबे खा, झोपा. सनस्क्रीन लावाच, पण मुलांना पूर्ण बाह्यांचे सुती कपडेही घाला. सासूबाईंना मीठ-जिरं घातलेलं कोकम सरबत द्या. रक्तदाब असेल तर मीठ बेतानं. आणि खोबरेल तेल विसरू नका, ओल्या चड्डीतल्या वाळूनं मुलांच्या मांड्या सोलवटतात.